आधी गेट एका बोटाने चालवून पाहा

गेटला मोटर बसवण्याच्या या कामात मी आलो तो वेल्डिंगच्या बाजूने. गेट बनवायचं, बिजागऱ्या चढवायच्या, रंग मारून द्यायचं, एवढंच माझं काम. एक दिवस आमच्या मिस्त्रींनी मोटरचा खोका समोर आणून ठेवला आणि मी हौसेने त्याची टेप फाडायला बसलो. त्यांनी खोका बाजूला सरकवला. म्हणाले, "आधी गेट चालवून दाखव." मी उघडून बंद केलं. "दोन्ही हात लावून नाही रे. एका बोटाने."

एका बोटाने तो पल्ला हललाच नाही. जोर दिला तेव्हा निम्म्या वाटेवर अडला, मग झटक्यासरशी सुटला आणि पुढे आपला आपणच भिंतीकडे पळाला. खालची बिजागरी झिजली होती आणि वरची तिच्या रेषेत नव्हती. दोन दिवस त्यातच गेले. मोटर बसली तिसऱ्या दिवशी, तीही दुपारनंतर. तेव्हा मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटला होता. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी तेच दोन दिवस आधी शिकवतो.

कारण सांगतो. समोर काही आडवं आलं हे मोटरला कळतं ते बहुतेक वेळा करंटवरून. पल्ला अडला की करंट चढतो, मोटर चालवणारा कंट्रोल बोर्ड ते ओळखतो आणि पल्ला थांबवतो किंवा मागे घेतो. पण गेट मुळातच जड चालत असेल तर तो करंट रोजच चढलेला असतो. गेट मधेच थांबतं, मालक तक्रार करतो, आणि आपण बोर्डावरचा जोराचा स्क्रू थोडा पुढे फिरवतो. मग आणखी थोडा. शेवटी तिथे एखादं मूल उभं असलं तरी मोटरला तो बिजागरीचा रोजचाच अडथळा वाटतो. गेटमधला प्रत्येक दोष शेवटी जोर वाढवूनच झाकला जातो, आणि तो जोर माणसाच्या अंगावर येतो. हे ज्याला पटलं त्याला पुढचं सगळं काम समजायला सोपं जातं.

तेव्हा पहिली परीक्षा ही. पल्ला जवळजवळ बंद, अर्धा उघडा आणि पूर्ण उघडा अशा तीन जागी आणून सोडा. सोडला तिथेच तो उभा राहायला हवा. दरवेळी एकाच बाजूला पळत असेल तर बिजागऱ्यांच्या पिनांची रेषा उभ्या ओळंब्यात नाही. इथे नवशिके एक चूक हमखास करतात. ते खांबाला ओळंबा लावतात, खांब सरळ दिसतो आणि ते निश्चिंत होतात. ओळंबा पिनांना लावायचा. खांब सरळ असूनही वरची पिन चार मिलिमीटर बाहेर असू शकते. तीन बिजागऱ्या असतील तर मधली जरा जरी रेषेबाहेर गेली तरी पल्ला जखडतो, आणि ग्रीस कितीही भरलं तरी सुटत नाही.

मोटरचे प्रकार मॅन्युअलमध्ये वाचून समजतात, त्यावर फार लिहीत नाही. सरळ दांड्याची मोटर, कोपरासारख्या मोडणाऱ्या हाताची मोटर आणि जमिनीत पुरायची मोटर. तिन्हींच्या मॅन्युअलमध्ये पल्ल्याची लांबी आणि वजन दिलेलं असतं, आणि ती दोन्ही एकत्र बघावी लागतात. पल्ला लांब झाला की चालणारं वजन कमी होतं. "४०० किलोपर्यंत चालते" एवढंच वाचून मोटर घेऊ नका.

आता ब्रॅकेटची, म्हणजे मोटरचं मागचं टोक खांबाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी तुकड्याची जागा. हे मात्र सावकाश सांगतो, कारण सरळ दांड्याच्या मोटरचं सगळं नशीब या एका ब्रॅकेटवर ठरतं.

गेट बंद आहे आणि तुम्ही आतल्या बाजूला उभे आहात असं समजा. गेट आत उघडतं. मोटरचं मागचं टोक खांबाला आणि पुढचं पल्ल्याला. मागच्या टोकाची पिन बिजागरीच्या मध्यापासून दोन दिशांना दूर असते: गेटच्या रेषेत खांबाकडे काही अंतर आणि काटकोनात आतल्या बाजूला काही अंतर. मॅन्युअलमध्ये यांना अक्षरं दिलेली असतात, पण कुठल्या आकृतीत कुठलं अक्षर कशासाठी आहे ते बघूनच घ्या. मी आपला पहिल्याला 'बाजूचं अंतर' म्हणतो आणि दुसऱ्याला 'आतलं अंतर'.

गेट बंद असताना मोटर पल्ल्याला जी फिरवते ती साधारण आतल्या अंतराच्या तरफेवर. गेट ९० अंशात उघडलं की तरफ साधारण बाजूच्या अंतराएवढी होते. आणि दोन्हींची बेरीज म्हणजे ९० अंशांसाठी दांडा जेवढा आत-बाहेर व्हायला हवा तेवढी, पुन्हा साधारणच. दोन्ही अंतरं १५० मिलिमीटर ठेवली तर दांड्याची चाल ३०० मिलिमीटर लागेल. त्यासाठी ३५० ची मोटर घ्या, म्हणजे दोन्ही टोकांना थोडी जागा शिल्लक राहते आणि दांडा स्वतःच्या शेवटावर आदळत नाही. अंतरं कमी ठेवली की गेट भराभर उघडतं आणि बघणाऱ्याला बरं वाटतं, पण तरफ कमी झालेली असते आणि ताण सगळा ब्रॅकेटवर जातो.

तो ताण किती असतो ते मला एका रात्री कळलं. दोन मीटर लांब, १.८ मीटर उंच, पूर्ण पत्र्याचा पल्ला होता. ब्रॅकेट फार बाहेर दिसू नये म्हणून आतलं अंतर मी ६० मिलिमीटरच ठेवलं. दिवसभर झकास चाललं. रात्री वारा सुटला आणि सकाळी फोन आला. जाऊन बघतो तर ब्रॅकेट प्लेटपासून उचकटलेलं, वेल्डची कड फाटलेली आणि मोटर दांड्यावर लोंबकळतेय. नंतर वहीत गणित मांडलं. वारा सेकंदाला १५ मीटर असेल तर दर चौरस मीटरला साधारण १३५ न्यूटन दाब येतो. पल्ला ३.६ चौरस मीटरचा, म्हणजे ४८६ न्यूटन. तो जोर पल्ल्याच्या मध्यावर, बिजागरीपासून एक मीटरवर धरू. स्क्रूची मोटर उलटी फिरत नाही, त्यामुळे एवढा सगळा पीळ ६० मिलिमीटरच्या तरफेवर तोलला जातो. म्हणजे ब्रॅकेटवर ८,१०० न्यूटन, आठशे किलोंहून जास्त ओढ! आतलं अंतर १६० केलं की तीच ओढ ३,००० च्या आसपास येते. आणि पल्ल्याच्या मोकळ्या टोकाला इलेक्ट्रिक लॉक बसवलं तर तिथे फक्त २४३ न्यूटन पेलावे लागतात, कारण ते टोक बिजागरीपासून दोन मीटरवर आहे.

मी ब्रॅकेट हलवलं, लॉक लावलं आणि मालकाला सांगून पत्र्यात खालून-वरून फटी काढल्या. तेव्हापासून पूर्ण पत्र्याचं गेट लॉकशिवाय मी करत नाही, मालकाने कितीही आग्रह केला तरी.

खांब जाड असेल आणि बिजागरी बाहेरच्या कडेला असेल तर उलटी अडचण येते. आतलं अंतर नको तितकं मोठं होतं आणि दांड्याची चाल पुरत नाही. अशा वेळी खांबात खाच पाडतात किंवा मोडत्या हाताची मोटर घेतात. मी शक्यतो मोडता हातच सुचवतो. दुसऱ्याचा खांब फोडायला मला नको वाटतं, आणि आत सळया कुठे आहेत हे कुणालाच नक्की माहीत नसतं.

ब्रॅकेट ठरलं की लगेच पूर्ण वेल्ड करू नका. टॅक मारा, म्हणजे वेल्डचे दोन-चार ठिपकेच द्या, मोटर किल्लीने मोकळी करून जोडा आणि पल्ला हाताने पूर्ण उघडून पूर्ण बंद करा. दांडा कुठे घासतो का, मोटर लेव्हलमध्ये राहते का, टोकाला जागा उरते का, सगळं बघा. मग मोटर उतरवा, बोर्डाच्या वायरी काढा आणि वेल्ड पुरा करा. वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प, म्हणजे मशीनकडे परत जाणाऱ्या वायरचा चिमटा, वेल्डच्या अगदी जवळ, त्याच तुकड्यावर लावायचा. क्लॅम्प खांबाला आणि वेल्ड पल्ल्यावर असं झालं तर सगळा करंट बिजागरीच्या बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात. महिनाभराने गेट करकरायला लागतं आणि कुणालाच कारण सापडत नाही. विटांचा खांब असेल तर कडेजवळ फुगणारा अँकर ठोकू नका, वीट उभी चिरते. केमिकल अँकर वापरा, भोकातली भुकटी आधी ब्रशने आणि हवेने नीट साफ करून. धुळीच्या भोकात केमिकल धरतच नाही.

पल्ला कुठे थांबायचा हे जमिनीतल्या स्टॉपरने ठरवा, बंद होताना आणि उघडतानाही. टोकाला आल्यावर मोटर बंद करणारा लिमिट स्विच असला तरी स्टॉपर हवाच.

वायरिंगमध्ये नवशिक्यांना सगळ्यात जास्त फसवते ती वायरची जाडी. २४ व्होल्टच्या मोटरला पाच अँपिअर लागतात आणि दुसरा खांब २० मीटरवर आहे असं धरू. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये जाता-येता मिळून साधारण २.३ व्होल्ट हरवतात, जवळजवळ दहा टक्के. २.५ ची वायर घातली तर १.४. पातळ वायरवर लांबचा पल्ला मागे पडतो, दोन पल्ल्यांची वेळ जमत नाही, आणि नवखा माणूस बोर्ड खराब आहे म्हणून बोर्ड बदलतो. दोन पल्ल्यांच्या गेटमध्ये ज्या पल्ल्याची पट्टी दुसऱ्यावर चढते तो आधी उघडतो आणि शेवटी बंद होतो, ही वेळ बोर्डावर ठरवावी लागते. मेनच्या विजेचं काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या, आणि अर्थिंग झालंय का ते स्वतः मीटर लावून बघा.

फोटोसेल, म्हणजे वाटेत कुणी आलं की अदृश्य किरण तुटून ते ओळखणारा डोळा, नेहमी बंद संपर्कावर (एरवी जोडलेला, अडथळा आला की तुटणारा) जोडा, म्हणजे वायर तुटली तरी बोर्डाला अडथळाच दिसेल आणि गेट थांबेल. काही जण सेल बिघडला की बोर्डावर दोन स्क्रूंमध्ये वायरचा तुकडा घालून 'तात्पुरतं' गेट चालू करून देतात. तो तुकडा वर्षानुवर्षं तिथेच राहतो. मला असा तुकडा दिसला की मी तो काढतो आणि सेल बदलेपर्यंत गेट हातावरच ठेवायला सांगतो.

अंगाला इजा कुठे होते ते सांगतो. मोकळ्या टोकाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण बिजागरीकडची फट जास्त फसवी. पल्ला उघडताना तिथली जागा लहान होत जाते आणि बोट आत असेल तर तरफ आपल्या विरुद्ध असते. माणसाचं शरीर चिरडू नये म्हणून ५०० मिलिमीटर आणि बोटासाठी २५ मिलिमीटर जागा धरतात. उघडलेल्या पल्ल्यामागे भिंत असेल तर ५०० मोजून घ्या, आणि तेवढी जागा नसेल तर तिथे फोटोसेल किंवा रबरी सेफ्टी एज (दाबली गेली की गेट थांबवणारी पट्टी) लावा. युरोपातल्या ईएन १२४५३ मानकानुसार अरुंद फटीत आदळण्याचा जोर ४०० न्यूटनच्या आत हवा आणि ०.७५ सेकंदात तो १५० च्या खाली यायला हवा. अमेरिकेत यूएल ३२५ हे मानक बघतात. हा जोर मोजायचं यंत्र मिळतं. स्वतःचा हात मधे घालून 'बघ, थांबतंय' असं दाखवणं म्हणजे मोजणं नव्हे.

आतल्या दारांना लावायचे ओपनर, म्हणजे दार आपोआप उघडणाऱ्या मोटरी, बरेच जण हलकं काम समजतात. दार हलकं असलं तरी माणूस त्याच्या अगदी जवळ असतो. या मंद चालीच्या दारांसाठी गतिज ऊर्जेची मर्यादा १.६९ ज्यूल आहे. ६० किलोचं, ०.९ मीटर रुंद दार एकसारख्या वेगाने तीन सेकंदांत ९० अंश उघडलं तर २.२ ज्यूल होतात. चार सेकंद दिले की १.२५. म्हणजे एका सेकंदाच्या फरकावर दार मर्यादेत बसतं किंवा बाहेर जातं. मालकाला घाई असते, तरी त्याला हे समजावून सांगा. आणि दारावर जुना क्लोजर (दार आपोआप लावणारा स्प्रिंगचा हात) असेल तर काढायला विसरू नका, नाहीतर मोटर जन्मभर त्याच्या स्प्रिंगशी झगडत राहते.

लोखंडाच्या कामातून येणाऱ्याला वायरिंगची धास्ती वाटते, आणि वायरिंगमधून येणाऱ्याला लोखंडाची. माझं मत विचाराल तर लोखंड हाताला बसायला जास्त वेळ लागतो. बोर्डाचं मॅन्युअल रात्री बसून वाचता येतं. पिना रेषेत आणण्याची नजर पन्नासेक गेट झाल्याशिवाय येत नाही, तेव्हा पहिलं वर्ष फॅब्रिकेशनवाल्याच्या हाताखाली काढलंत तर उत्तम. सोबत एक वही ठेवा. प्रत्येक गेटची दोन्ही अंतरं, उघडायला लागणारे सेकंद आणि क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती लावून करंट मोजणारा मीटर) चालताना दिसलेला करंट लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तेच गेट ३ ऐवजी ४.५ अँपिअर घेताना दिसलं तर बोर्डाला हात लावण्याआधी पल्ला मोकळा करून बोट लावून बघा. बहुतेक वेळा बिजागरीच सापडते.

काम संपलं की मी मेन स्विच बंद करतो आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बोलावतो. मोकळं करायची किल्ली त्यांच्या हातात देतो आणि वीज गेलीय असं समजून गेट उघडायला सांगतो. परवा एका आजींना किल्लीचं झाकण उघडेना. नखाने ओढत होत्या, ते निसटत होतं. मी ते झाकण काढून आणलं, कडेला कानस मारून बोट अडकेल एवढी खाच केली आणि परत बसवलं. मग त्यांनी किल्ली फिरवली, पल्ल्याला एक बोट लावलं आणि गेट उघडलं.