आधी काढा, मग बघा, मग लिहा: चित्रातून स्वतःला समजून घेण्याची पद्धत

चित्रातून स्वतःचा शोध घ्यायला निघालेले बहुतेक जण चित्र काढण्यात तासभर घालवतात आणि ते बघण्यात दोन मिनिटं. खरं काम मात्र बघण्यात आणि बघितलेलं लिहिण्यात आहे. म्हणून इथे दोन्हींना सारखा वेळ दिला आहे: वीस मिनिटं काढायला, वीस मिनिटं बघून लिहायला आणि मध्ये दहा मिनिटांची सुट्टी. चित्रकला येत नसेल तर काहीच अडत नाही. उलट सरावलेल्या हातातून सवयीचीच चित्रं उतरतात आणि त्यांत नवं काही सापडणं अवघड जातं.

सामान थोडकंच ठेवा. ए-फोर आकाराचे सुटे कागद, शक्यतो १२० ते १५० जीएसएमचे (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन भरणारे, जरा जाड). छपाईच्या साध्या कागदावर तेलखडू जोरात घासला की तो चुरगळतो, मग सगळं लक्ष कागद सांभाळण्यात जातं. एक फोर-बी म्हणजे मऊ, गडद पेन्सिल, बारा रंगांचे तेलखडू, लिहायला वेगळी वही आणि गजर लावायला घड्याळ. खोडरबर जवळ ठेवू नका. काय खोडावंसं वाटलं हीसुद्धा माहितीच आहे, आणि खोडलेली रेघ पुन्हा बघता येत नाही.

कागदाच्या मागे तारीख आणि एक प्रश्न लिहा. प्रश्नात ‘का’ नको. ‘मला इतका राग का येतो?’ असं विचारलं की मन वर्षानुवर्षं पाठ असलेली कारणं पुढे करतं आणि चित्र त्या कारणांची सजावट होऊन बसतं. ‘कालच्या भांडणातलं काय अजून अंगात आहे?’ असा जवळचा, एका प्रसंगापुरता प्रश्न चांगला. ‘आयुष्याचा अर्थ काय?’ हा प्रश्न एका कागदाला झेपत नाही.

मग दुसऱ्या कागदावर पाच मिनिटं हात मोकळा करा. तुमचा न लिहिणारा हात समोर ठेवा, नजर त्याच्या कडेवरून मुंगीच्या वेगाने फिरवा आणि कागदाकडे अजिबात न बघता पेन्सिलही त्याच वेगाने चालवा. आकृती वेडीवाकडी येईल, यायलाच हवी. हात कसा दिसतो याचा डोक्यात बसलेला साचा त्यामुळे बाजूला होतो आणि ‘छान दिसलं पाहिजे’ हा धाकही कमी होतो.

आता मुख्य चित्र. मागे प्रश्न लिहिलेला कागद घ्या, प्रश्न एकदा वाचा आणि रेघ, डाग, दाब, रंग एवढ्यावरच वीस मिनिटं काम करा. घर, झाड, चेहरा मुद्दाम काढू नका, आपसूक आला तर येऊ द्या. सात-आठ मिनिटांनी ‘झालं’ असं वाटतं. तिथे थांबू नका, कारण तोवर जे उतरलेलं असतं ते बहुधा आधीच ठाऊक असलेलं असतं.

गजर वाजला की कागद भिंतीला लावा आणि खोलीबाहेर जा. दहा मिनिटांनी परत येऊन साधारण दोन मीटरवर बसा. थोड्या वेळाने कागद उलटा करूनही बघा. उलट्या चित्रात जड बाजू कुठली आणि मोकळी कुठली, ते चटकन दिसतं.

लिखाणाचा पहिला भाग सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा: दिसतं तेवढंच लिहायचं, किमान दहा वाक्यं. ‘मी अडकले आहे’ हे वर्णन नव्हे, तो निष्कर्ष झाला. ‘उजव्या खालच्या कोपऱ्यात निळ्या रेघांचा गुंता आहे. तिथे खडू इतका दाबलाय की कागद चकाकतोय. गुंत्यातून एक बारीक रेघ वर जाते आणि कडेच्या दोन बोटं अलीकडे थांबते’, हे वर्णन. आता विचारायला नेमकी जागा मिळाली: रेघ तिथेच थांबली तेव्हा मनात काय चाललं होतं? दुसऱ्या भागात चित्र बघताना शरीरात कुठे ताण येतो, कुठे सैल वाटतं ते लिहा. तिसऱ्यात एक आकार निवडून त्याच्या तोंडून ‘मी’ने सुरू होणारी पाच वाक्यं लिहा. हे पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं, तरी लिहाच. अर्थ लावायचा तो यानंतर, एका वाक्यात, आणि पेन्सिलीने.

काळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग असे तयार कोश वापरू नका. काळा खडू हाताशी होता एवढंच कारणही असू शकतं. चित्राचा फोटो लगेच कुणाला पाठवायचीही घाई नको. एकदा कौतुक झालं की पुढचं चित्र त्या माणसासाठी काढलं जातं.

जुन्या जखमेवर काम केलं तर नंतर काही वेळ मन जड होतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनीबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या घटनांवर लिहिलं. लिहून झाल्या झाल्या त्यांची मनःस्थिती खालावली. पुढच्या महिन्यांत मात्र घटना आणि भावना दोन्ही मांडणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या तुलनेने कमी झाल्या. म्हणून झोपण्याआधी हे करू नका आणि नंतर अर्धा तास मोकळा ठेवा. जडपणा दिवसेंदिवस उतरत नसेल, झोप उडाली असेल किंवा तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, तर एकट्याने पुढे जाऊ नका. समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्या.

एका चित्रावरून स्वतःबद्दल काही ठरवू नका. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग १९१८-१९मध्ये लष्करी सेवेत असताना रोज सकाळी वहीत एक छोटं वर्तुळाकार चित्र काढत आणि मनात दिवसागणिक होणारे बदल त्यांत बघत. आठवड्यातून दोन बैठका पुरतात. सहा आठवड्यांनी बारा कागद तारखेनुसार जमिनीवर मांडा आणि वही न उघडता बघा: कुठला कोपरा नेहमी रिकामा राहतो, कुठला रंग मध्येच नाहीसा झाला, दाब कधी वाढला. मग वही उघडून त्या तारखांचं लिखाण वाचा. तीन किंवा जास्त चित्रांत परत आलेली गोष्ट तेवढी निवडा आणि पुढच्या कागदामागे तिच्याबद्दलचाच प्रश्न लिहा.