हर्मिट क्रॅब पाळताय? मग वाळू उकरायची नाही

शंखातला खेकडा विकत आणला की त्याच्याबरोबर बहुतेक वेळा तारेचा पिंजरा, मूठभर रंगीत खडे, एक स्पंज आणि चित्रं काढलेला जादा शंख मिळतो. यातलं काहीच त्याच्या कामाचं नाही. एवढ्या सामानावर तो काही आठवडे किंवा काही महिने तग धरतो, मग मरतो, आणि घरात सगळे म्हणतात की हा प्राणी अल्पायुषीच असतो. नीट सांभाळलेले हर्मिट क्रॅब 30 वर्षांहून जास्त जगले आहेत. म्हणून आधी घर तयार करा आणि खेकडा नंतर आणा.

आणताना आणखी एक विचार करा. विकायला येणारे जवळजवळ सगळे हर्मिट क्रॅब किनाऱ्यावरून पकडलेले असतात. मादी अंडी समुद्रात सोडते, पिल्लं सुरुवातीचे आठवडे पाण्यात तरंगत वाढतात आणि मग शंख शोधून जमिनीवर येतात. हे सगळं टाकीत घडवून आणणं फार थोड्यांना जमलं आहे. त्यामुळे ज्यांना आपले खेकडे आता सांभाळणं शक्य नाही, अशा कुणाकडून ते घेता आले तर तेच करा. एकटा आणू नका. हे कळपाने राहणारे प्राणी आहेत, साधारण एका आकाराचे दोन-तीन तरी हवेत.

घर

काचेची टाकी आणि तिच्यावर घट्ट बसणारं झाकण, दुसरं काही नको. हा खेकडा जमिनीवर राहत असला तरी श्वास कल्ल्यांनीच घेतो. कल्ले ओलसर असतील तरच हवेतला प्राणवायू त्याला मिळतो. तारेच्या पिंजऱ्यातल्या कोरड्या हवेत तो चालतो-फिरतो, खातो, आणि त्याच वेळी दिवसेंदिवस गुदमरत असतो. आर्द्रता 75 ते 85 टक्के आणि तापमान 24 ते 29 अंश सेल्सिअस ठेवा. हे अंदाजाने होत नाही. आकडे दाखवणारा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, वाळूच्या पातळीजवळ लावा, कारण खेकडा तिथे वावरतो. आर्द्रता टिकत नसेल तर दिवसातून चार वेळा पाणी फवारू नका, झाकणाच्या फटी बुजवा. सतत फवारलेलं पाणी तळाशी जाऊन साचतं आणि वाळू सडवतं.

हीटपॅड लागला तर तो मागच्या काचेला, वाळूच्या पातळीच्या वर, बाहेरून चिकटवायचा. टाकीखाली कधीच नाही. उन्हापासून वाचण्यासाठी खेकडा खाली जातो, आणि खालूनच उष्णता आली तर त्याला पळायला जागा उरत नाही.

पाणी, शंख, खाणं

पाण्याची दोन भांडी हवीत, एक गोड्या पाण्याचं आणि एक खाऱ्या. दोन्ही इतकी खोल हवीत की खेकड्याला पूर्ण बुडता येईल, आणि बाहेर चढून यायला आत दगड किंवा जाळी असावी. नळाचं पाणी असेल तर मत्स्यालयासाठी मिळणारं क्लोरीन आणि क्लोरामाइन काढणारं द्रावण त्यात घाला. खाऱ्या पाण्यासाठी समुद्री मासे पाळणारे वापरतात तेच मीठ घ्यायचं. स्वयंपाकाच्या मिठात समुद्रातली इतर खनिजं नसतात.

शंख प्रत्येक खेकड्यामागे तीन ते पाच जादा ठेवा, आताच्यापेक्षा किंचित मोठे, उकळून घेतलेले. तोंडाचा आकार बघून घ्या: काही जातींना गोल तोंडाचे शंख लागतात, काहींना अर्धगोल. रंगवलेला शंख टाकीत ठेवूच नका. रंगाचे टवके उडतात आणि खेकडा ते खातो. आणि शंखातून त्याला ओढून काढायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका, मुलांना तर नाहीच. तो शंख सोडत नाही, त्याचं शरीर फाटतं.

खाणं सोपं आहे: फळं, भाज्या, वाळलेली पानं, मीठ-मसाला न लावलेला मासा किंवा सुकवलेली कोळंबी, अंड्याचं कवच, समुद्रफेस (माकुलीचं हाड). तयार खाद्याच्या पाकिटावर कॉपर सल्फेट लिहिलेलं असेल तर ते परत ठेवा.

वाळू आणि कात

आता खरी गोष्ट. हर्मिट क्रॅब पाळणाऱ्याची परीक्षा इथे होते, आणि मी पहिल्या खेपेला नापास झालो.

खेकड्याचं कवच वाढत नाही. म्हणून वाढायचं असेल तेव्हा त्याला जुनं कवच सोडून नवं धरावं लागतं, म्हणजे कात टाकावी लागते. शंख वेगळा आणि कवच वेगळं, ही गल्लत करू नका. शंख हे त्याचं घर, तो केव्हाही बदलता येतो. कवच हे त्याचं अंग आहे. नांग्या, पाय, डोळ्यांचे देठ, सगळ्यावरचं आवरण एकदम सुटतं, आणि आतून निघतो तो इतका मऊ असतो की बोटाच्या दाबानेही त्याला इजा होईल. त्या अवस्थेत त्याला अंधार, ओल आणि एकांत हवा असतो. म्हणून तो वाळूत खोल जातो, स्वतःपुरती एक पोकळी तयार करतो आणि तिथे पडून राहतो.

त्यासाठी वाळूचा थर किमान 15 सेंटीमीटर हवा, किंवा सगळ्यात मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट. यांपैकी जे जास्त असेल ते धरायचं. पाच भाग बारीक स्वच्छ वाळू आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकत्र करा, क्लोरीन काढलेल्या पाण्याने भिजवा. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि पाणी ठिबकता कामा नये. किनाऱ्यावर किल्ला करायला जी ओल लागते, तीच ही ओल. कोरडी वाळू असेल तर पोकळी ढासळून खेकडा दबतो, आणि चिखल असेल तर तो बुडतो. नुसते खडे घालायला सांगणाऱ्याने खेकड्याला कात टाकताना पाहिलेलं नसतं, एवढं नक्की समजा.

खाली जाण्याआधी तो जास्त खातो, पाण्यात जास्त बसतो, रंग फिका पडतो, डोळे धुरकट दिसतात. एखादा पाय तुटलेला असेल तर तिथे जेलीसारखा कोंब दिसतो. मग एका सकाळी तो टाकीत नसतो.

माझा पहिला खेकडा असाच वाळूखाली गेला. पहिला आठवडा मी शांत होतो. दुसऱ्या आठवड्यात रोज रात्री टॉर्च घेऊन काचेतून बघायला लागलो. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी सांगितलं, इतके दिवस वर आला नाही म्हणजे मेला असणार, काढून टाक, नाहीतर वाळू नासेल. मी चमच्याने उकरलं. तो जिवंत होता, फिकट गुलाबी, आपल्या जुन्या कवचाशेजारी. मी घाबरून वाळू परत लोटली, पण पोकळी मोडली होती. दोन दिवसांनी तो खरोखर मेला. मी थांबलो असतो तर तो स्वतःच वर आला असता. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून हे इतकं लांबण लावून लिहितो आहे.

तर, उकरायचं नाही. तीन आठवडे झाले तरी नाही, दोन महिने झाले तरी नाही. अगदी लहान खेकडे दोन-तीन आठवड्यांत येतात, मध्यम आकाराचे चार ते आठ आठवडे घेतात, मोठ्यांना काही महिने लागतात. कवच सुटणं एका दिवसाचं काम असेल, पण नवं कवच टणक व्हायला वेळ लागतो. या काळात तो आपलं जुनं कवच खातो, कारण त्याला लागणारा चुना त्यातच असतो. वाळू साफ करायला, टाकी हलवायला, खाली काय चाललंय ते बघायला हात घालू नका. खाली गेल्याची तारीख काचेवर चिकटपट्टीवर लिहा आणि वरच्या खेकड्यांचं खाणं-पाणी चालू ठेवा. ते नीट खात असतील तर खालच्याला उकरायला जात नाहीत.

मेला हे कसं ओळखायचं? वासाने. मेलेल्या खेकड्याला सडलेल्या माशासारखा वास येतो आणि तो दिवसागणिक वाढतो, लपत नाही. वास नसेल तर वाट पाहायची.

कधी वाळूवरच पाय पसरून पडलेला निर्जीव खेकडा दिसतो. लगेच फेकून देऊ नका. ते नुसतं रिकामं कवच असू शकतं आणि खेकडा मागे शंखात दडलेला असतो. त्याला उचलू नका, वाळूत पुरू तर अजिबात नका. दोन्ही टोकं कापलेली प्लास्टिकची बाटली त्याच्याभोवती वाळूत खोल रोवा, म्हणजे इतर खेकडे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. कात टाकलेल्याचा वास त्यांना ओढून आणतो आणि मऊ खेकडा ते खाऊन टाकतात. कवच आतच राहू द्या, वर अंधार करा, बाटलीत मावेल अशा लहान भांड्यात पाणी आणि थोडं खाणं ठेवा.

तो वर येतो तेव्हा रंग गडद असतो, नखं टोकदार असतात, हालचाल थोडी संथ असते. पहिले काही दिवस त्याला हातात घेऊ नका. मोठे शंख खाऱ्या पाण्याच्या भांड्याजवळ ठेवा आणि रात्री दिवा बंद करा. बहुतेक वेळा घर बदलणं त्याच आठवड्यात होतं, अंधारात.