सरत्या वर्षावरून पुढचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की इंदूरच्या सियागंज बाजारातल्या आमच्या ऑफिसात एक साथ पसरते. नव्यानं लागलेली मुलं ‘वर्षभरातल्या जागतिक घडामोडी आणि पुढचे ट्रेंड’ असं काहीतरी टाइप करून आणतात आणि म्हणतात, "काका, जरा नजर टाका ना." खाद्यतेलाच्या दलालीत माझी तेवीस वर्षं गेली. नजर टाकतो, आणि दरवर्षी त्याच त्या चुकांवर लाल पेन झिजवतो. म्हणून यंदा लिहूनच काढतोय. पुढच्या डिसेंबरात हा कागद हातात ठेवला की मी पोहे-जिलबी खायला मोकळा.

मोठी बातमी म्हणजे मोठा ट्रेंड, असं समजणं

ही चूक मी स्वतः केलीय आणि घरात तिचा उद्धार अजून होतो. साल २०२२. २४ फेब्रुवारीला रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि काळ्या समुद्रातून येणारं सूर्यफुलाचं तेल अडकलं. सगळे पामतेलाकडे धावले. तेवढ्यात २८ एप्रिलपासून इंडोनेशियानं पामतेलाची निर्यातच बंद केली. जगातलं निम्म्याहून जास्त पामतेल निघतं तिथं! मलेशियाच्या वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे सौदे होतात त्या बाजारात, भाव टनाला सात हजार रिंगिटच्या (तिथलं चलन) वर गेला.

माझ्या मावसभावाचा नमकीनचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, चार कढया आणि एक शेड. त्याचा फोन आला, "अरे, उचलू का माल?" मी म्हटलं, "दादा, आज मिळतंय तर घे, उद्या या भावात मिळायचं नाही." त्यानं वहिनींच्या नावावरची एफडी मोडली आणि पामोलिनचे (तळणीचं शुद्ध पामतेल) चारशे डबे उचलले. शेडमध्ये मावेनात म्हणून काही जिन्याखाली, काही देवघराच्या भिंतीला लावून.

२३ मेला इंडोनेशियानं बंदी उठवली. जुलैच्या मध्यात तोच वायदा चार हजारांच्या खाली. दादानं मला भाव विचारणं सोडलं. वहिनी मात्र अजूनही सणावाराला पान वाढताना म्हणतात, "भावोजी, पुरी घ्या की अजून एक, तुमच्याच तेलातली आहे."

चुकलं कुठं? मी बातमी वाचली, तिचा भुर्दंड कोण सोसतंय ते वाचलं नाही. पामचं फळ तोडलं की दिवस-दोन दिवसांत गिरणीत जावं लागतं, साठवून चालत नाही. निर्यात बंद, टाक्या भरत आलेल्या, फळाला गिऱ्हाईक नाही. १७ मेला तिथले शेतकरी जाकार्तात रस्त्यावर उतरले. आणि गंमत बघा, बंदी आली होती तीही लोकांच्या ओरडीमुळेच, घरचं स्वयंपाकाचं तेल महागलं म्हणून. म्हणजे खाणाऱ्यांच्या रागानं दार लागलं आणि पिकवणाऱ्यांच्या रागानं उघडलं. हे सगळं तेव्हाच छापून येत होतं. मी आलेखाकडे बघत बसलो होतो.

तेव्हापासून मोठी बातमी आली की डायरीत तिच्यासमोर एक ओळ लिहितो: हे कुणाला परवडत नाहीये, आणि तो किती दिवस दम धरेल? उत्तर ‘काही आठवडे’ असं आलं, तर त्यावर माल भरायचा नाही. याला शास्त्र म्हणू नका, पोळलेल्या माणसाची सवय आहे.

धुरळा बसायच्या आत निकाल लावणं

नोव्हेंबर २०१६, नोटबंदी. त्या डिसेंबरातल्या झाडून सगळ्या टिपणांत एकच वाक्य: रोकड संपली. प्रत्यक्षात तेव्हा १८ लाख कोटींच्या आसपास असलेल्या चलनातल्या नोटा २०२२पर्यंत ३० लाख कोटींच्या पुढे गेल्या. मग अंदाज साफ खोटा का? तसंही नाही. यूपीआयचे व्यवहार डिसेंबर २०१६मध्ये महिन्याला जेमतेम २० लाख होते, ऑगस्ट २०२३मध्ये महिन्याला एक हजार कोटींवर गेले. रोकड वाढली आणि मोबाइलही वाढला. आज आमच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, अकराला भुट्ट्याचा कीस विकणारा क्यूआर पुढे करतो आणि सुटे पैसेही ठेवतो. मोठ्या धक्क्यानंतर वर्षभर मी ठाम काही लिहीत नाही. पोरांना हे आवडत नाही, त्यांना सोमवारी टिपण हवं असतं.

लोकमताचा आकडा एकटाच उचलणं

हे तर आमच्या गावचंच. २०२४च्या लोकसभेला इंदूरमध्ये ‘नोटा’ला, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाला, २,१८,६७४ मतं पडली, देशातला विक्रम. आमच्याकडच्या एका हुशार मुलानं लगेच लिहिलं, ‘राजकारणाला कंटाळलेला मतदार: नवा राष्ट्रीय ट्रेंड’. मी विचारलं, "बाळा, मशीनवर काँग्रेसचा उमेदवार होता का रे?" नव्हता. त्यानं ऐन वेळी अर्ज मागे घेतला होता आणि पक्षानंच लोकांना नोटाचं बटण दाबा म्हणून सांगितलं होतं. त्याच मशीनमधून भाजपचा उमेदवार पावणेबारा लाखांच्या फरकानं निवडून आला. कंटाळा मोजायला ही जागा नव्हे. पोरगा याच शहरात वाढलेला, निकालाच्या दिवशी इथंच होता, तरी संदर्भ सोडून आकडा तेवढा उचलला.

त्याच निकालाची दुसरी बाजू बाजारानं भोगली. एक्झिट पोलवर विसंबून ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला. ४ जूनला निकालात एनडीए पोलच्या अंदाजापेक्षा बरीच खाली, २९३ जागांवर थांबली आणि तो जवळपास ४,४०० अंकांनी कोसळला. लोक विचारणाऱ्याला काय सांगतात आणि आत जाऊन काय करतात, यात अंतर असतंच. माझ्यापुरतं मी ठरवलंय: लोक काय म्हणतात ते ऐकायचं, पण लिहायचं ते काय विकत घेतात ते.

बाकीच्या, पटकन

वर्ष ३१ डिसेंबरला संपतं असं धरून चालणं. आमचं तेलवर्ष नोव्हेंबरला सुरू होतं, सोयाबीनचं ऑक्टोबरला. जगानं कॅलेंडर कुठलं लावलंय ते आधी बघा.

शेवटच्या दोन महिन्यांचंच आठवणं. जानेवारीपासूनची कात्रणं काढून बसा. हो, कागदाची.

अमेरिकेत आलं म्हणजे दोन वर्षांत इंदूरला येणार, असं लिहिणं. कधी येतं, कधी नाही येत.

एआयकडून ‘टॉप टेन ट्रेंड’ काढून मला दाखवणं. तीच दहा वाक्यं मला त्याच दिवशी तिघांनी पाठवलेली असतात, त्यातलं एक स्वल्पविरामासकट.

आणि आपला अंदाज तारीख घालून न लिहिणं. लिहिलेलं नसलं की सगळेच नंतर म्हणतात, मी तर तेव्हाच म्हटलं होतं. माझ्या २०२२च्या डायरीत ९ मेच्या पानावर ‘पाम अजून वर’ असं माझ्याच अक्षरात आहे, खाली दोन रेघा मारलेल्या. नवीन मुलगा लागला की पहिल्या दिवशी ते पान दाखवतो.