ऑनलाइन सभेत आगंतुक शिरतात कसे? या चुका टाळा

टाळेबंदीत सभा आणि शाळा झूमवर आल्या, तेव्हा अनोळखी माणसे मध्येच घुसून शिवीगाळ करण्याचे प्रकार इतके वाढले की ५ एप्रिल २०२० पासून झूमने मोफत खात्यांनाही पासकोड आणि वेटिंग रूम (होस्ट, म्हणजे सभा चालवणारा, आत घेईपर्यंत थांबण्याची जागा) आपणहून लागू केली. तरीही हे प्रकार थांबले नाहीत. बिंगहॅमटन आणि बोस्टन विद्यापीठांतील संशोधकांना असे आढळले होते की बहुतेक वेळा सभेतलाच कोणीतरी लिंक आणि पासकोड बाहेर देऊन उपद्रवी मंडळींना बोलावतो. त्यामुळे ‘आमच्या सभेला पासकोड आहे’ हे समाधान फारसे खरे नाही.

शिवाय झूमच्या निमंत्रणाची लिंक एकदा शेवटपर्यंत वाचून पाहावी. प्रश्नचिन्हानंतर अक्षरे आणि अंकांची जी लांबलचक माळ दिसते, तिच्यात बहुधा पासकोडच सांकेतिक रूपात गुंफलेला असतो. म्हणजे ती लिंक व्हॉट्सॲपवर चार गटांत फिरली, की पासकोड असून नसल्यासारखाच. जाहीर व्याख्यानासाठी सशुल्क खाते असेल, तर आधी नावनोंदणी घेऊन प्रत्येकाला स्वतंत्र लिंक द्यावी. मग कोणाची लिंक फुटली तेही कळते.

स्क्रीनचे छायाचित्र टाकण्याची हौसही महागात पडते. नोव्हेंबर २०२० मध्ये नेदरलँड्सच्या संरक्षणमंत्र्यांच्या ट्विटर खात्यावरील छायाचित्रात बैठकीच्या सहा अंकी पिनचे पाच अंक दिसत होते. तेवढ्यावर एक डच पत्रकार युरोपीय संरक्षणमंत्र्यांच्या बैठकीत थेट दाखल झाला.

सर्वांत जास्त घोळ वेटिंग रूमपाशी होतो. दाराशी ‘रेडमी’, ‘गॅलेक्सी’, ‘आयपॅड’ अशी नावे ताटकळत असतात, इकडे प्रास्ताविक सुरू झालेले असते आणि गडबडलेला होस्ट ‘सर्वांना आत घ्या’ हे बटण दाबून मोकळा होतो. मोफत खात्यात चाळीस मिनिटांनी सभा तुटते आणि सगळे एकदम परत येतात, तेव्हा तर हे हमखास घडते. नाव आणि सोसायटीची सभा असेल तर सदनिका क्रमांक लिहूनच यावे, असे निमंत्रणातच कळवावे आणि होस्टचे अधिकार ज्याच्याकडे आहेत, त्याला सूत्रसंचालनाला बसवू नये. आमच्या सोसायटीने हे एका फजितीनंतर शिकून घेतले.

पर्सनल मीटिंग आयडी, म्हणजे आपल्या खात्याचा स्वतःचा सभा क्रमांक, जाहीर सभेसाठी वापरू नये, कारण तो कायमचा असतो आणि आजचा पाहुणा पुढच्या महिन्यातल्या खासगी बैठकीतही डोकावू शकतो. स्क्रीन शेअर करण्याची मुभा फक्त होस्टकडे ठेवावी.

एवढे करूनही कोणी घुसलाच, तर त्याला शोधत यादी चाळत बसू नये. ढालीचे चिन्ह असलेल्या मेनूतून आधी सर्व सहभागींच्या हालचाली स्थगित कराव्यात, म्हणजे आवाज, चित्र आणि स्क्रीन शेअरिंग एका झटक्यात बंद होते. त्यानंतर सहभागींच्या यादीचा स्क्रीनशॉट घेऊन घुसखोराला बाहेर काढावे, लगेच सभा लॉक करावी, म्हणजे नवे कोणी आत येऊ शकत नाही, आणि मगच एकेकाचा माइक उघडावा. अश्लील चित्रे दाखवली गेली असतील किंवा धमकी दिली असेल, तर तो स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ यांसह राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पुढच्या सभेला मात्र जुनी लिंक वापरू नये.