पिट्सबर्गमध्ये बंदुकीचा कायदा कोणाचा चालतो?

पिट्सबर्गला नव्याने आलेली आपली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: "इथली महापालिका बंदुकांवर बंदी का घालत नाही?" घातली होती. कोर्टात टिकली नाही. का टिकली नाही ते समजलं, की इथे वावरताना काय गृहीत धरायचं तेही कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पेनसिल्व्हेनियाच्या फौजदारी कायद्यात कलम ६१२० आहे. कायदेशीर बंदूक बाळगणं, ती दुसऱ्याला देणं, तिची ने-आण, यावर कोणत्याही शहराने किंवा काउंटीने आपले वेगळे निर्बंध आणायचे नाहीत, असं ते सांगतं. १९९३ मध्ये फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग या दोन्ही शहरांनी असॉल्ट रायफलींवर बंदी आणली. १९९६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढली.

मग २७ ऑक्टोबर २०१८ चा शनिवार आला. ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) प्रार्थनेला जमलेल्या ११ जणांना एका बंदूकधाऱ्याने ठार केलं. हे शहरातल्या स्क्विरल हिल या वस्तीत घडलं. कार्नेगी मेलन आणि पिट (पिट्सबर्ग विद्यापीठ) इथे शिकणारी आपली कितीतरी मुलं तिथेच भाड्याने राहतात. एप्रिल २०१९ मध्ये नगर परिषदेने केलेल्या बंदुकांच्या नव्या नियमांवर महापौर बिल पेडुटो यांनी सही केली. त्याच ऑक्टोबरमध्ये काउंटीच्या न्यायाधीशांनी ते रद्द केले आणि २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. ज्या शहराने आपल्या माणसांना असा निरोप दिला, त्याला स्वतःच्या रस्त्यांपुरताही नियम करता येऊ नये, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

पण राहायचं आहे ते आजच्या कायद्यात. त्यामुळे किराणा दुकानाच्या रांगेत पुढच्या माणसाच्या कमरेला उघड पिस्तूल दिसलं, तर नुसतं तेवढं इथे बेकायदेशीर नाही. तो शांतपणे सामान घेत असेल तर आपण आपली वाट धरावी. कोणी धमकावत असेल, पिस्तूल हातात घेतलं असेल, तर आधी तिथून बाहेर पडा आणि मग ९११ ला फोन करा. दुकानदार मात्र आपल्या जागेत बंदूक नको म्हणू शकतो. दारावरच्या पाट्या वाचायची सवय ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एफ-१, एच-१बी, एच-४ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना बंदूक किंवा गोळ्या बाळगायला केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे. राज्य कितीही सैल असो, इथे ते कामाला येत नाही. ऑफिसची टीम शूटिंग रेंजवर निघाली आणि कोणी हातात पिस्तूल दिलं, तर तेवढा वेळ हातात धरणंही बाळगण्यात मोजलं जाऊ शकतं. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि देशाबाहेर काढलं जाण्याची टांगती तलवार वेगळी. शिकारीच्या परवान्याचा अपवाद आहे, पण मित्राच्या सांगण्यावरून त्यावर विसंबू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. संकोच बाजूला ठेवून "माझ्या व्हिसावर चालत नाही" एवढं सांगितलं तरी पुरतं. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही मनाई उठते.

नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलात, तर तिथलं नव्याने बघा. बहुतेक राज्यांत शहरांचे हात असेच बांधलेले आहेत. फ्लोरिडात तर असा स्थानिक नियम जाणूनबुजून करणाऱ्या अधिकाऱ्याला ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. कोलोरॅडोने उलट केलं: बोल्डरच्या सुपरमार्केटमध्ये १० जण मारले गेले, त्याच वर्षी, २०२१ मध्ये, शहरांना राज्यापेक्षा कडक नियम करायची मोकळीक दिली.

आणि मुलं लहान असतील तर. बंदूक कुलपातच ठेवा अशी सरसकट सक्ती पेनसिल्व्हेनियात नाही आणि शहर ती करू शकत नाही, म्हणून ते काम आपल्यावर येतं. मूल कोणाकडे खेळायला पाठवताना शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचं बोलणं होतंच, त्यातच विचारून टाका: घरात बंदूक आहे का, असेल तर कुलपात असते का, गोळ्या वेगळ्या ठेवता का? इथल्या बऱ्याच पालकांना हा प्रश्न ओळखीचा आहे. उत्तर पटलं नाही, तर त्यांच्या मुलाला आपल्याकडे खेळायला बोलवा.