मोंगोइड: एम्बेड केलेली बुकिंग्ज वेगळ्या कलेक्शनमध्ये हलवताना

मोंगोइड म्हणजे रूबीतून मोंगोडीबी हा डेटाबेस वापरायची लायब्ररी. काणकोणातल्या होमस्टेंच्या रूबी अ‍ॅपमध्ये बुकिंग्ज होमस्टेच्याच डॉक्युमेंटात (म्हणजे डेटाबेसातल्या नोंदीत) ‘एम्बेड्स_मेनी’ने, आतल्या अ‍ॅरेत म्हणजे यादीत ठेवली होती. डिसेंबरच्या गर्दीत पाने रखडू लागली, कारण नुसते नाव दाखवायलाही सगळा अ‍ॅरे लोड व्हायचा. शिवाय मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटाची मर्यादा १६ एमबी. सतत वाढणारी यादी आत ठेवूच नये. पत्ता, सोयी आत खुशाल असाव्यात.

म्हणून बुकिंग्ज वेगळ्या कलेक्शनमध्ये (डॉक्युमेंटांच्या संचात) हलवायची ठरवली. त्यासाठी मॉडेलात ‘हॅज_मेनी’ लिहिले की जुना अ‍ॅरे असोसिएशनमधून, म्हणजे मॉडेलांमधल्या या नात्यातून दिसत नाही. तेव्हा नवी बुकिंग्ज थोडा वेळ थांबवून ‘कलेक्शन.फाइंड’ने कच्चे हॅश (मॉडेल न लावलेला, की-व्हॅल्यू जोड्यांचा डेटा) वाचले, प्रत्येकात ‘होमस्टे_आयडी’ घातली आणि ५००-५०० च्या तुकड्यांत ‘इन्सर्ट_मेनी’ केले. मूळ ‘_आयडी’ तशीच ठेवली, तर स्क्रिप्ट पुन्हा चालली तरी नोंदी दुप्पट होत नाहीत, डुप्लिकेट कीची एरर येते.

खरा घोळ पुढे आहे. ‘होमस्टे_आयडी’ स्ट्रिंग म्हणून गेली तर यादी रिकामी येते आणि एररही दिसत नाही! ती ऑब्जेक्टआयडीच, म्हणजे मोंगोडीबीचा खास आयडी-प्रकारच हवी. ‘इन्सर्ट_मेनी’त कॉलबॅक (सेव्ह करताना मॉडेलात आपोआप चालणारा कोड) चालत नाहीत, तेव्हा ‘क्रिएटेड_अ‍ॅट’ही आपणच भरायचे.

शोध जलद व्हावा म्हणून मॉडेलात नुसते ‘इंडेक्स’ लिहून भागत नाही, ‘रेक डीबी:मोंगोइड:क्रिएट_इंडेक्सेस’ चालवावे लागते. जुन्या अ‍ॅरेतल्या आणि नव्या कलेक्शनमधल्या बुकिंग्जची संख्या जुळल्यावरच जुना अ‍ॅरे ‘$अनसेट’ने काढा.