एक्सएमएल अ‍ॅट्रिब्यूट लिहिताना: नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

एक्सएमएलच्या कामात नवे आलेले बहुतेक जण दोन टॅगांच्या मधल्या मजकुराचे नियम लवकर शिकतात आणि तेच अ‍ॅट्रिब्यूटलाही (सुरुवातीच्या टॅगच्या आतच नाव="व्हॅल्यू" असं लिहिलेल्या माहितीलाही) लावतात. नियम थोडे वेगळे आहेत, आणि तो फरक सुरुवातीलाच समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

अ‍ॅट्रिब्यूटच्या व्हॅल्यूत < आणि & जसेच्या तसे कधीच चालत नाहीत. > चालतं. व्हॅल्यू डबल कोटमध्ये असेल तर आत डबल कोट नको, सिंगल चालेल. सिंगलमध्ये असेल तर उलट. न चालणाऱ्या चिन्हाच्या जागी त्याचा क्रमांक लिहायचा: &#38; म्हणजे &, &#60; म्हणजे <, &#34; म्हणजे डबल कोट, &#39; म्हणजे सिंगल. (यांची नावाची रूपंही आहेत, कोडमध्ये तीच जास्त दिसतील.) सर्वांत जास्त अडवतं ते &, कारण लिंकमध्ये दोन पॅरामीटरच्या मध्ये ते असतंच. सीडेटाचा (दोन टॅगांच्या मधला मजकूर चिन्हं न बदलता लिहू देणाऱ्या खास भागाचा) इथे उपयोग नाही. त्याची सुरुवातच < ने होते.

या चुका पार्सर (एक्सएमएल वाचून त्याचे भाग वेगळे करणारा प्रोग्रॅम) लगेच दाखवतो. मला जास्त काळजी वाटते ती नव्या ओळीची. तीन ओळींची सूचना अ‍ॅट्रिब्यूटमध्ये टाकली तर एरर येत नाही, फाइल उघडली तर ओळीही नीट दिसतात, पण प्रोग्रॅमच्या हाती येतो तो एकाच ओळीचा मजकूर. एक्सएमएल १.० चा १९९८ पासूनचा नियमच आहे की अ‍ॅट्रिब्यूटमधल्या नव्या ओळीच्या आणि टॅबच्या जागी पार्सरने स्पेस द्यावी. ओळ टिकवायची तर &#10; लिहा, टॅबसाठी &#9;. खरं तर ओळी महत्त्वाच्या असतील तर असा मजकूर स्वतंत्र एलिमेंटमध्येच, म्हणजे त्याच्या स्वतःच्या दोन टॅगांच्या मध्येच ठेवावा.

स्ट्रिंग जोडजोडून एक्सएमएल बनवू नका, एक्सएमएल लिहिणारी तयार लायब्ररी वापरा आणि तिला मूळ मजकूर द्या. आधी स्वतः एस्केप करून, म्हणजे चिन्हांच्या जागी क्रमांक लिहून दिलात तर ती पुन्हा एस्केप करते, &#60; चं &#38;#60; होतं आणि वाचणाऱ्याला < ऐवजी &#60; दिसतं. हाताने बदलण्याची वेळ आलीच तर आधी &, मग बाकीची चिन्हं; क्रम चुकला तरी हेच होतं.

देवनागरी अक्षरांना यूटीएफ-८ फाइलमध्ये एस्केप लागत नाही.

कोड दुसऱ्याच्या हाती देण्याआधी एक चाचणी करा: दोन्ही कोट, <, &, टॅब, नवी ओळ आणि थोडं मराठी, सगळं एकाच व्हॅल्यूत भरा, फाइल लिहा, परत वाचा आणि मूळ मजकुराशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.